मलबार हिलवर जन्मलेला इंग्लंडचा कर्णधार : जार्डिन खलनायक की नुसता खडूस?

ठाणेकर मामा (धागाकर्ता)

मंडळी, एक मदत हवी आहे. भाचा आठवीत आहे. शाळेने प्रोजेक्ट दिलाय, ‘मुंबईत जन्मलेली एक परदेशी व्यक्ती’. सगळ्या वर्गाने किपलिंग धरलाय, म्हणून ह्याला वेगळं कोणीतरी पाहिजे. क्रिकेटवेडा आहे, कुठूनतरी डग्लस जार्डिनचं नाव शोधून आणलं. जन्म मलबार हिल, १९००. मला बॉडीलाइन (म्हणजे मुद्दाम फलंदाजाच्या अंगावर बॉल टाकणं) एवढा एकच शब्द माहीत होता, आणि ब्रॅडमनला मारायला निघालेला तो दुष्ट इंग्रज.

आता भाचा विचारतो, “मामा, ह्याला हीरो लिहू की व्हिलन?” मी काय कपाळ सांगणार? माझे प्रश्न असे :

तो खरंच मुंबईचा होता का, की नुसता जन्मापुरता? आपल्याविरुद्ध खेळला का, आणि तेव्हाही अंगावर बॉल टाकायला लावले का? आणि बॉडीलाइन सोडून फलंदाज म्हणून कसा होता? गूगल करा असं सांगू नका, ते करून झालंय. सगळीकडे तेच दोन परिच्छेद फिरतायत.

---

शंकेखोर

मुंबईचा तो एकटाच असेल, पण भारतात जन्मलेले इंग्लंडचे कर्णधार आणखी आहेत. कॉलिन काउड्री उटीचा, नासिर हुसेन मद्रासचा. भाच्याला सांगा, तळटीप म्हणून चालेल.

बाकी जार्डिनबद्दल बोलायला आपले पंचकाका येतीलच. त्यांना हा विषय म्हणजे उपासाला साबुदाणा.

---

मैदानी पंच

आलो. साबुदाण्याबद्दल नंतर बघून घेतो.

मामा, आधी माझी बाजू सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. चौतीस वर्षं मुंबईच्या मैदानांवर पंचगिरी आणि स्कोअरिंग केलं, पावसात कांगा लीगमध्ये गुडघाभर गवतात उभा राहिलो. आमचे आजोबा बोरीबंदरला एका कचेरीत कारकून होते. १७ डिसेंबर १९३३ ला, रविवारी, ते बॉम्बे जिमखान्यावर होते. त्यामुळे जार्डिन मला पुस्तकात भेटायच्या आधी जेवणाच्या पाटावर भेटला. आजोबा त्याला ‘तो रंगीत टोपीवाला’ म्हणायचे.

जन्म २३ ऑक्टोबर १९००. आईवडील स्कॉटिश. वडील माल्कम जार्डिन ऑक्सफर्डकडून क्रिकेट खेळलेले, मुंबईत बॅरिस्टर, पुढे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल. म्हणजे हायकोर्टातलं वजनदार घर. मुलगा नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजमध्ये मावशीकडे धाडलं. त्या काळी साहेबांच्या मुलांचं असंच व्हायचं, दात पडायच्या वयात बोटीवर चढवायचे. मग बोर्डिंग शाळा, मग विंचेस्टर, मग ऑक्सफर्ड. तेव्हा मुंबईकर म्हणायचं तर बालवाडीपुरता म्हणा. तरी माझं एक खाजगी मत आहे, ते शेवटी सांगतो.

फलंदाज म्हणून : उंच, ताठ, सरळ बॅटचा. बचाव असा की गोलंदाजाला जांभई यावी. पायाकडचे चेंडू मात्र सुंदर खेळायचा. विंचेस्टरला १९१९ मध्ये कर्णधार होता, तेव्हा त्यांनी ईटनला हरवलं, आणि त्या शाळांमध्ये ही गोष्ट माणसाच्या मृत्युलेखापर्यंत पुरते. १९२१ साली ऑक्सफर्डकडून ऑस्ट्रेलियन पाहुण्यांविरुद्ध ९६ वर नाबाद राहिला आणि सामना संपला. चार धावा कमी. ऑस्ट्रेलियाचा राग तिथपासून होता असं पुष्कळ जण लिहितात. मला ते फार सोयीचं वाटतं. चार धावांसाठी कोणी अकरा वर्षं डूख धरत नाही. (धरतात, मी कांगा लीगमध्ये पाहिलेत, पण ते सोडा.)

खरी खुन्नस १९२८-२९ च्या दौऱ्यात झाली. त्या दौऱ्यात त्याने ऑस्ट्रेलियात लागोपाठ शतकं ठोकली, पण डोक्यावर ती ऑक्सफर्डच्या हार्लेक्विन क्लबची रंगीबेरंगी टोपी, गळ्यात रुमाल, चालणं असं की मैदान वडिलोपार्जित. सिडनीच्या टेकाडावरचे प्रेक्षक त्याला सोलायचे. सोबतचा पॅट्सी हेंड्रन म्हणाला, “ह्यांना तुम्ही फारसे आवडत नाही वाटतं.” जार्डिनने उत्तर दिलं, भावना परस्परांची आहे. मधला एक शब्द मी गाळलाय, प्रोजेक्ट आठवीचा आहे. याब्बा नावाचा तिथला प्रसिद्ध टोमणेबाज होता. जार्डिन माश्या हाकलतोय बघून तो ओरडला की माश्यांना हात लावू नकोस, इथे तेवढेच तुझे मित्र आहेत.

सरेसाठी कौंटी खेळला, शिक्षणाने सॉलिसिटर. १९३१ ला इंग्लंडचा कर्णधार झाला. ऑस्ट्रेलियाला तो जाणार हे कळल्यावर विंचेस्टरमधले त्याचे जुने मास्तर रॉक्ली विल्सन म्हणाले होते म्हणे, अ‍ॅशेस (म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची कसोटी मालिका) जिंकू, पण कदाचित साम्राज्यातला एक देश गमावू. पोरगं काय आहे हे मास्तरांना बरोबर ठाऊक असतं.

---

आखूड टप्पा

पंचकाका, बॉडीलाइनवर या की. मी पुण्यात क्लब क्रिकेटमध्ये पंधरा वर्षं नवा चेंडू टाकलाय. मला प्रामाणिकपणे कळत नाही की जार्डिनने केलं काय असं? नियमात बसत होतं. फलंदाजाला त्रास होतो तिथे बॉल टाकायचा, हेच तर आमचं काम. विंडीजवाल्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात तेच केलं तर टाळ्या. १९७६ ला किंग्स्टनला आपल्या लोकांची काय अवस्था झाली? अंशुमन गायकवाड ८१ वर कानाला लागून बाहेर, विश्वनाथचं बोट, ब्रिजेश पटेलचं तोंड. दुसऱ्या डावात पाच जण फलंदाजीलाच उतरले नाहीत, ९७ वर खेळ खलास. तरी त्यांचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड महान आणि जार्डिन राक्षस? का तर समोर ब्रॅडमन होता म्हणून?

---

मैदानी पंच

टप्पेराव, शेवटच्या वाक्यात तुम्ही अर्धी गोष्ट सांगून टाकलीत.

१९३० मध्ये ब्रॅडमनने इंग्लंडमध्ये पाच कसोटींत ९७४ धावा केल्या. सरासरी १३९.१४. अशा माणसाला बाद करायचा विचार करणं म्हणजे समुद्राला झाकण शोधणं. जार्डिनने शोधलं. त्या मालिकेतल्या ओव्हल कसोटीत ब्रॅडमनने २३२ केल्या, पण पाऊस पडून गेल्यावर थोडा वेळ खेळपट्टीवरून चेंडू उसळत होते, तेव्हा तो अंग चोरत होता असं काहींना दिसलं. जार्डिनने त्याची फिल्म पाहिली आणि तो ओरडला की सापडलं, हा घाबरतो. मग लंडनच्या पिकॅडिली हॉटेलात जेवणाच्या टेबलावर नॉटिंगहॅमशायरचा कर्णधार आर्थर कार आणि त्याचे दोन वेगवान गोलंदाज, हॅरोल्ड लारवूड आणि बिल व्होस, ह्यांच्याशी बैठक. लेग स्टंपच्या रोखाने आखूड टप्प्याचे, छातीकडे आणि खांद्याकडे उठणारे चेंडू टाकता येतील का? लारवूड म्हणाला, येतील.

आता तुमचा मुद्दा. नुसता बाउन्सर म्हणजे बॉडीलाइन नाही. आम्ही पंच लोक चेंडूइतकंच क्षेत्ररक्षण बघतो. लेगला पाच-सहा जण बॅटजवळ अर्धवर्तुळात, आणि हुक मारला तर पकडायला मागे लांब दोघं. खाली वाकावं तर चेंडूही तितका उठत नाही आणि पाठीत बसतो. बॅट आडवी घालावी तर शॉर्ट लेगच्या हातात. हुक मारावा तर सीमेवर झेल. अंग बाजूला काढावं तर स्टंप उघडे. चारी दारं बंद. हेल्मेट नाही, ग्लोव्ह्ज आजच्या मानाने विणलेल्या हातमोज्यांसारखे, खेळपट्ट्या उघड्या. किंग्स्टनला जे झालं ते वाईटच होतं, माझ्या लेखी त्याच्याही टाळ्या नाहीत. पण १९७६ ला लेगच्या मागच्या बाजूला दोनपेक्षा जास्त माणसं उभी करता येत नव्हती. तो नियम १९५७ साली आला, आणि त्याच्या मुळाशी जार्डिनचं ते अर्धवर्तुळही आहे. तेव्हा ‘नियमात बसत होतं’ हे खरं, कारण असलं डोकं कोणी चालवेल हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नात नव्हतं.

उपयोग झाला का? १९३२-३३ च्या त्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात चार कसोटींत ब्रॅडमनची सरासरी ५६.५७. दुसऱ्या कुणाची असती तर त्याचा सत्कार केला असता. लारवूडला मालिकेत ३३ बळी. इंग्लंड ४-१. हरलेली एकमेव कसोटी मेलबर्नची. तिथे पहिल्या डावात ब्रॅडमनने इंग्लंडच्या बिल बोजचा (हा व्होस नव्हे) पहिलाच चेंडू स्टंपवर ओढून घेतला आणि त्रिफळाचीत झाला, तेव्हा आपला हा दगडी पुतळा म्हणे मैदानावर चक्क नाचला. दुसऱ्या डावात ब्रॅडमनने नाबाद १०३ काढून हिशेब चुकता केला.

---

अ‍ॅडलेडची सून

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवेना. मी मूळची सांगलीची, अकरा वर्षं अ‍ॅडलेडला आहे. अ‍ॅडलेड ओव्हल मैदान आमच्या घरापासून ट्रामने थोड्या अंतरावर. इथे जुना स्कोअरबोर्ड अजून हाताने चालवतात, १९११ चा आहे. जार्डिनच्या सामन्यातही तोच होता. तो बघितला की मला उगाच शहारा येतो.

आमचे शेजारी आजोबा, नव्वदीचे. त्यांचे वडील त्या शनिवारी, १४ जानेवारी १९३३ ला, मैदानात होते. ५०,९६२ प्रेक्षक, तेव्हाचा इथला विक्रम. लारवूडचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वूडफुलच्या छातीवर, हृदयाजवळ बसला. तो बॅट टाकून छाती धरून वाकला. शेजारी आजोबा सांगतात, वडील म्हणायचे की लागलं त्याचं एवढं वाटलं नाही, खेळात लागतं. पण जार्डिन ओरडला, “वेल बोल्ड, हॅरोल्ड!” आणि लारवूडच्या पुढच्या षटकाला सगळी माणसं टाळ्या वाजवून लेगला नेली. तेव्हा लोक कुंपणाशी उभे राहिले. घोडेस्वार पोलिस तयार होते. एकजण जरी कुंपण ओलांडून आत उडी मारता, तर सगळे गेले असते.

सोमवारी ओल्डफील्डच्या कवटीला तडा गेला. इथे एक सांगायला हवं, आणि हे मला त्या आजोबांनीच सांगितलं : तो चेंडू बॉडीलाइनच्या क्षेत्ररक्षणाला नव्हता. साधं क्षेत्ररक्षण होतं, बॅटची कड लागून डोक्याला लागला. ओल्डफील्ड स्वतः म्हणाला की लारवूडची चूक नव्हती. पण लोकांचं डोकं ठिकाणावर कुठे होतं?

इथे अजूनही जार्डिन हे नाव शिवीसारखं उच्चारतात. पण हसून. आपण अफजलखान म्हणतो तसं म्हणणार होते, पण तेवढंही नाही. गोष्टीतला वाईट माणूस, एवढंच.

---

मैदानी पंच

वा, सूनबाई, अजून येत जा.

शनिवारी संध्याकाळी इंग्लंडचे मॅनेजर पेल्हम वॉर्नर वूडफुलची चौकशी करायला गेले, तेव्हा तो म्हणाला की बाहेर दोन संघ आहेत, त्यांतला एक क्रिकेट खेळायचा प्रयत्न करतोय. खोलीतली ही गोष्ट पेपरात फुटली. बुधवारी, १८ तारखेला, ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाने लंडनला तार केली, त्यात ‘अखिलाडू’ ह्या अर्थाचा शब्द. इंग्रजाला चोर म्हणा, लुटारू म्हणा, आपण म्हणून पाहिलंच होतं, त्याला काही वाटत नाही. अखिलाडू म्हटल्यावर मात्र प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं. जार्डिनने सांगितलं की शब्द मागे घ्या, नाहीतर पुढची कसोटी नाही. घेतला.

आणि त्या ब्रिस्बेन कसोटीतली एक गोष्ट भाच्याला आवडेल. एडी पेंटर टॉन्सिल्सने इस्पितळात पडलेला, अंगात ताप. वॉर्नरने कर्णधाराला सांगितलं, तो खेळणं शक्य नाही. जार्डिन म्हणाला म्हणे, तापाने फणफणत कंदाहारला चालत गेले त्यांचं काय? कंदाहार, बघा! अ‍ॅडव्होकेट जनरलच्या घरात लहानपणी काय गोष्टी ऐकल्या असतील त्याचा हा पुरावा. पेंटर उठून आला, ८३ धावा केल्या, आणि शेवटी विजयाचा फटकाही त्याचाच, षटकार.

आता टप्पेराव, तुमच्यासाठी एक गोष्ट, गोलंदाज आहात म्हणून. त्या संघात गबी अ‍ॅलन नावाचा वेगवान गोलंदाज होता. त्याने कर्णधाराला तोंडावर सांगितलं, मी असली गोलंदाजी करणार नाही. काही बिघडलं नाही, तो पाचही कसोटी खेळला, २१ बळी घेतले. तेव्हा इंग्लंडकडून खेळणारे थोरले पतौडी पदार्पणात सिडनीला १०२ करून गेले, मग लेगच्या त्या कोंडाळ्यात उभे राहायला नकार दिला. जार्डिन म्हणाला, महाराजांना सदसद्विवेकबुद्धी आहे असं दिसतं. पुढच्या सामन्यानंतर ते बाहेर. पण अ‍ॅलन काय, पतौडी काय, दोघे हौशी खेळाडू, पोटाची चिंता नाही. लारवूड कोळशाच्या खाणीतून आलेला. चौदाव्या वर्षी खाणीत घोड्यांबरोबर काम करत होता. क्रिकेट हा त्याचा पगार. तो कुठल्या तोंडाने नाही म्हणेल?

शेवटच्या सिडनी कसोटीत लारवूडच्या पायाचं हाड मोडलं. त्याला बाहेर जायचं होतं. ब्रॅडमन क्रीजवर होता. जार्डिनने त्याला जाऊ दिलं नाही, तिथेच उभा राहा म्हणाला, तुला काय झालंय हे ब्रॅडमनला कळता कामा नये. ब्रॅडमन बाद झाला तेव्हा लारवूडला मोकळीक मिळाली. दोघे एकाच वेळी पॅव्हिलियनकडे चालत गेले, एकमेकांशी एक शब्द न बोलता. लारवूड नंतर एकही कसोटी खेळला नाही. मायदेशी गेल्यावर त्याला माफी मागायला सांगितलं. जार्डिनला नाही, लारवूडला! तो म्हणाला, मी कर्णधाराचं ऐकलं, माफी कसली. पुढे ब्लॅकपूलला गोळ्याबिस्किटांचं दुकान चालवलं आणि १९५० ला बायकापोरांसह जाऊन राहिला कुठे, तर ऑस्ट्रेलियात. ज्यांची डोकी फोडायला गेला होता त्यांनी त्याला जवळ केलं.

जार्डिनने त्याला एक चांदीचा अ‍ॅशट्रे दिला होता, ‘अ‍ॅशेससाठी, कृतज्ञ कर्णधाराकडून’ असा मजकूर कोरून. मला हा अ‍ॅशट्रे नेहमी खटकतो. कृतज्ञता खरी होती, मला शंका नाही. तरी हाड लारवूडचंच मोडलेलं राहिलं.

---

ठाणेकर मामा

काका, भाचा शेजारी बसून वाचतोय. त्याचं म्हणणं, “म्हणजे व्हिलनच.” पण भारताचं राहिलं की.

---

मैदानी पंच

भाच्याला म्हणावं घाई करू नकोस, अजून दुसरा डाव बाकी आहे.

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यावर, १९३३ च्या उन्हाळ्यात, वेस्ट इंडीज इंग्लंडमध्ये आले. ओल्ड ट्रॅफर्डला मार्टिंडेल आणि लिअरी कॉन्स्टंटाइन ह्यांनी इंग्लंडला त्यांचंच औषध पाजलं. तेच आखूड चेंडू, तसंच क्षेत्ररक्षण. हॅमंडसारख्याची हनुवटी फुटली. जार्डिन आला आणि ताठ उभा राहिला. चेंडू अंगावर घेतले, तक्रार नाही, चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. जवळजवळ पाच तास. १२७. त्याच्या आयुष्यातलं एकमेव कसोटी शतक, तेही बॉडीलाइनविरुद्ध. ऑस्ट्रेलियन लोक वर्षभर विचारत होते की तुमच्यावर टाकलं तर? ह्याने उभं राहून दाखवलं. मुंबईच्या मैदानात आम्ही ज्याला खडूस म्हणतो ना, तो हाच. विकेट सोडणार नाही, हसणार नाही, समोरच्याला श्वास घेऊ देणार नाही, आणि स्वतःला लागलं तरी चोळणार नाही. माझं ते खाजगी मत असं, की मुंबई क्रिकेटचा पहिला खडूस मलबार हिलवर जन्मला आणि चुकून इंग्लंडकडून खेळला.

मात्र खडूस माणूस स्वतःचं अंग पणाला लावतो. लारवूडचा पाय ही दुसऱ्याची वस्तू होती. माझा फैसला तिथे अडतो, आणि चौतीस वर्षांच्या पंचगिरीनंतरही बोट वर करू की नको हे होतं.

आता भारत. आपल्याशी त्याची गाठ त्याआधीच पडली होती, १९३२ ला लॉर्ड्सवर, भारताची पहिलीवहिली कसोटी. मोहम्मद निसारने सटक्लिफ आणि होम्स दोघांचे स्टंप उडवले, वूली धावबाद, इंग्लंड ३ बाद १९. पॅव्हिलियनमधली सिगारची राख सांडली असेल. तेव्हा उभा कोण राहिला? हाच. ७९, आणि दुसऱ्या डावात नाबाद ८५. सामना आपण १५८ धावांनी हरलो. आपले कर्णधार नागपूरचे सी. के. नायडू, हाताला दुखापत असताना ४० करून गेले.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात जार्डिन एमसीसीचा संघ (इंग्लंडचाच, तेव्हा ह्या क्लबच्या नावाने दौरे व्हायचे) घेऊन भारतात आला. भारताच्या भूमीवरची पहिली कसोटी, १५ डिसेंबर १९३३, बॉम्बे जिमखाना. जन्मगावी, देशाचा कर्णधार म्हणून. मलबार हिल तिथून घोडागाडीच्या अंतरावर. जिमखान्याचं सभासदत्व तेव्हा आपल्या लोकांना नव्हतं, म्हणजे आपला संघ आपल्याच शहरात दुसऱ्याच्या अंगणात खेळत होता. लारवूड, व्होस कोणी नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या कसोट्या खेळलेल्यांपैकी सोबत फक्त हेडली व्हेरिटी. (व्हेरिटीने मुलाचं नाव डग्लस ठेवलं होतं, कर्णधारावरून. जार्डिनच्या हाताखाली खेळलेली काही माणसं त्याच्यासाठी जीव टाकायची, हेही भाच्याने लिहावं.)

आपल्या २१९, त्यांच्या ४३८, जार्डिन ६०. मग दुसऱ्या डावात आपण २ बाद २१. आजोबांची गोष्ट इथून सुरू व्हायची. लाला अमरनाथ, पहिलीच कसोटी, समोर सी. के. दोघांनी मिळून १८६ जोडल्या. टाचा उंच करून करून आजोबांच्या पोटऱ्यांत गोळे आलेले. शतक झालं तेव्हा टोप्या, पागोटी उडाली, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले असं सांगतात. आजोबांनी दागिने पाहिले नाहीत, पण स्वतःची छत्री तिथे हरवली, डिसेंबरात छत्री कशाला नेली होती हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि त्या सगळ्या दंग्यात तो रंगीत टोपीवाला काय करत होता? आजोबा सांगायचे, “हलला नाही. मिडऑफच्या जागेवरून हाताने एका माणसाला दोन पावलं डावीकडे सरकवलं.” मला लहानपणी ह्यात काही विशेष वाटायचं नाही. पुढे पंच झाल्यावर कळलं. पन्नास हजार लोक ओरडत असताना दोन पावलांचा हिशेब करणारा माणूस!

दुसऱ्या दिवशी अमरनाथ ११८ वर गेला आणि डाव २५८ वर कोसळला. नऊ विकेटनी हरलो. विजय मर्चंटचीही ती पहिली कसोटी. कलकत्ता अनिर्णित, तिथे जार्डिन ६१. मद्रासला ६५ आणि नाबाद ३५, आणि आपण २०२ धावांनी हरलो.

अंगावर टाकले का? उसळते चेंडू होतेच. कलकत्त्याला निकोल्सच्या चेंडूवर दिलावर हुसेनचं डोकं फुटलं. तो पट्टी बांधून परत आला, ५९ आणि ५७ केल्या. खडूस आपल्याकडेही होते. मद्रासला नौमल जौमल क्लार्कच्या चेंडूवर डोळ्याच्या वर लागून पडला. आपले निसार आणि अमरसिंगही गप्प बसणारे नव्हते. पण अ‍ॅडलेडसारखा दंगा, तारा, मंत्री, असलं काही झालं नाही. इथून ‘अखिलाडू’ म्हणून लंडनला तार करणार कोण होतं? सगळ्या दौऱ्यात एकच सामना ते हरले, बनारसला विझियानगरमच्या संघाकडून, १४ धावांनी.

ह्या दौऱ्याच्या शेवटी त्याने कळवून टाकलं की १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळायची माझी इच्छाही नाही आणि विचारही नाही. बॉडीलाइन आता त्याच्याच बोर्डाला नकोशी झाली होती. ओल्ड ट्रॅफर्डला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर लंडनच्या लोकांना कळलं की ऑस्ट्रेलियन रडत का होते. म्हणजे मद्रासची कसोटी ती त्याची शेवटची. वय तेहतीस.

पुढचं थोडक्यात. लग्न, पत्रकारिता, महायुद्धात डंकर्कला होता, मग नेमणूक पुन्हा हिंदुस्थानात, क्वेट्टा आणि सिमल्याला. १८ जून १९५८ ला स्वित्झर्लंडमध्ये कॅन्सरने गेला. राख स्कॉटलंडच्या डोंगरावर उधळली.

---

आखूड टप्पा

अ‍ॅशट्रेवाली गोष्ट माहीत नव्हती. लारवूडच्या पायाचं वाचून जरा गप्प झालो. माझ्या कर्णधाराने एकदा स्नायू फाटलेला असताना चार षटकं टाकायला लावली होती, आणि मी तेव्हा ते अभिमानाने सांगत फिरायचो.

---

ठाणेकर मामा

पंचकाका, सूनबाई, सगळ्यांचे आभार. काल भाच्याला घेऊन फॅशन स्ट्रीटला गेलो होतो. टी-शर्ट घेऊन झाल्यावर म्हटलं, ह्या दुकानांजवळच बघ, बॉम्बे जिमखान्याचं तेच मैदान. दहा मिनिटं जाळीला नाक लावून उभा होता.

प्रोजेक्टला त्याने नाव दिलंय ‘रंगीत टोपीवाला’. काका, चालेल ना? आजोबांचा शब्द आहे म्हणून विचारतोय. हीरो-व्हिलनची चौकट मोकळी सोडलीय. शेवटी त्याने कारकिर्दीचा तक्ता केलाय, तो तपासून द्याल का? २२ कसोटी, १२९६ धावा, सरासरी सुमारे ४८, एक शतक. कर्णधार १५ कसोटींत, ९ जिंकल्या, १ हरली, ५ अनिर्णित.

---

मैदानी पंच

नाव घ्या, आजोबा खूष होतील.

तक्ता बरोबर आहे, फक्त ‘सुमारे’ खोडायला सांगा. ३३ डाव, ६ वेळा नाबाद, म्हणजे २७ वेळा बाद. १२९६ ला २७ ने भागून बघ म्हणावं. अठ्ठेचाळीसने पूर्ण भाग जातो. चौतीस वर्षं स्कोअरिंग केलं, असा माणूस फार क्वचित सापडतो.

आणि ४८.०० असं लिहायला सांगा, दोन्ही शून्यांसकट.